नाव लिहायचं नाही, म्हणाल्या होत्या

पर्यवेक्षिका मॅडमनी चिठ्ठी उघडली आणि आधी तिची मागची बाजू वाचली.

"कार्टन नंबर. पॅक्ड बाय. चेक्ड बाय. क्यूसी ओके." माइकवर. एकेक शब्द सावकाश. मग चिठ्ठी दोन बोटांच्या चिमटीत, मेलेलं झुरळ धरावं तशी वर धरली. "कुणाची आई पॅकिंगला जाते गं?"

 सांगायची गरजच नव्हती. नववीच्या तिन्ही तुकड्यांच्या मुली हॉलमध्ये सतरंजीवर बसल्या होत्या. सगळ्या माना वळल्या. माझ्याकडे.

अर्ध्या तासापूर्वी याच मॅडमनी सांगितलं होतं, "नाव लिहायचं नाही. कुणाला काही कळणार नाही. मनातलं बिनधास्त विचारा."

शाळा ऐरोलीची. सेमी इंग्लिश, बऱ्यापैकी नाव असलेली. मी दिघ्याच्या चाळीतली. दिघ्यातून येणाऱ्या आम्ही सात-आठ जणी होतो आणि डब्यापासून बुटापर्यंत आमची ओळख पटायची. माझी जरा जास्तच. आई एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला होती. तिथे छपाईत चुकलेले कागद टाकून द्यायचे. ते ती घरी आणायची. एका बाजूला छापलेलं, दुसरी बाजू कोरी. पाठकोरे कागद. दाभणाने शिवून ती माझ्या रफ वह्या करायची. बाकीच्या मुलींच्या वह्यांवर कार्टून असायची. माझ्या वहीच्या प्रत्येक पानामागे कार्टन नंबर. मुली मला हाकच मारायच्या, "ए क्यूसी ओके!" मी हसून घ्यायचे. हसून घेणं आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

तर त्या दिवशी मी त्याच वहीचं पान फाडलं, घडी घातली आणि सोनेरी कागद चिकटवलेल्या बुटाच्या खोक्यात टाकलं. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या रेघांच्या पांढऱ्या कागदाच्या. एकीसारखी दुसरी. निनावी राहायलासुद्धा ऐपत लागते, हे मला चौदाव्या वर्षी कळलं. आता मी ज्या गटात काम करते तो पोरांचे प्रश्न घ्यायला शाळांत जातो तेव्हा सगळ्यांना एकाच गठ्ठ्यातला कागद आणि एकाच रंगाचं पेन देतो. लोकांना वाटतं, काय हा काटेकोरपणा. काटेकोरपणा नाही तो. चटका आहे.

कार्यक्रमाचं नाव होतं 'किशोरी मार्गदर्शन'. मुलांना मैदानावर सोडलं होतं. क्रिकेट. त्यांचं 'हाउज दॅट' खिडकीतून आत येत होतं. पाहुण्या म्हणून एक डॉक्टर मॅडम आल्या होत्या. त्यांनी पाऊण तास स्वच्छता सांगितली. सुती कपडे घाला. पालेभाज्या खा. मुलांशी मर्यादेत बोला. फळ्यावर एक आकृती काढली, भागांना नावं दिली, आणि ते भाग कशासाठी असतात हे न सांगता पुसून टाकली. मग पेटी उघडली. चिठ्ठ्या आधी आमच्या पर्यवेक्षिका मॅडम वाचणार. चांगल्या असतील तेवढ्याच डॉक्टरांकडे देणार. ही गाळणी आधी कुणी सांगितली नव्हती.

चांगल्या म्हणजे पिंपल्स. केस गळणं. उंची.

माझ्या चिठ्ठीत काय होतं ते सांगते. शब्द न शब्द पाठ आहे.

"लग्न झालेल्या बाईला नको असेल तर ती नवऱ्याला नाही म्हणू शकते का? ती नाही म्हणाली आणि त्याने ऐकलं नाही तर त्याला काय म्हणतात? तिने कुणाकडे जायचं? प्लीज उत्तर आजच द्या. रविवारी तिला न्यायला येणार आहेत."

ती म्हणजे माझी ताई.

ताईचं लग्न विसाव्या वर्षी झालं. चांगलं स्थळ. मुलगा मशिन ऑपरेटर, उलव्याला स्वतःचा वन बीएचके. चाळीत पेढे वाटले तेव्हा बायका म्हणाल्या, "नशीब काढलं पोरीनं. दार लागणारी बेडरूम हाय." चार महिन्यांनी ती माहेरी आली आणि परत जायचं नाव घेईना. आईला वाटलं, लाडावलीय. एका दुपारी आम्ही दोघी उंबऱ्यात मेथी निवडत बसलो होतो. ताई पानं खुडता खुडता थांबली.

"मी नको म्हणते ना गं. रोज म्हणते. त्याला ऐकूच येत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे तेच."

तिने मेथीची काडी मोडून टाकली. मग म्हणाली, "असं सगळ्यांचंच असतं का? शुक्रवारी तुझ्या शाळेत त्या डॉक्टरबाई येणार आहेत ना? विचार ना. माझं नाव नको घेऊ."

बारावी पास बहीण नववीतल्या बहिणीला विचारत होती. एवढं शिकून तिला हे विचारायला दुसरं माणूस नव्हतं.

म्हणून ती चिठ्ठी.

"उभी राहा," मॅडम म्हणाल्या. मी उभी राहिले. "पुढे ये. तुझंच अक्षर आहे ना, तूच वाच."

मी 'नको असेल तर'पर्यंत वाचलं. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग अख्खा हॉल हसला. ते हसू घाबरलेलं होतं, हे आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं. मी डॉक्टर मॅडमकडे पाहिलं. उत्तर त्यांच्याकडे होतं. असायलाच हवं होतं. त्यांनी पर्स उचलली, घड्याळ पाहिलं आणि आमच्या मॅडमना म्हणाल्या, "हे मुलींना लग्नानंतर आपोआप कळतं."

लग्नानंतर. आपोआप. ताईच्या लग्नाला चार महिने झाले होते.

मॅडमनी माइक माझ्या हातातून काढून घेतला. "एका खोलीत सगळी झोपतात ही माणसं. पोरं नको ते बघतात आणि इथे येऊन घाण ओकतात. चांगल्या घरच्या मुली बसल्यात इथे. उद्या आईला घेऊन ये."

एका खोलीचं मी सांगते. आमच्या खोलीला पत्र्याची भिंत. पलीकडे दुसरं बिऱ्हाड, त्याच्या पलीकडे तिसरं. बाबा एकदा आईवर हात उचलायला गेले, आई ओरडली, तेव्हा शेजारची मावशी पिठाच्या हातात लाटणं घेऊन आमच्या दारात उभी राहिली होती. "काय चाललंय ओ भावजी?" बाबांचा हात खाली. उलव्याच्या फ्लॅटमध्ये ताईचं 'नको' भिंतीतच राहिलं. दार लागायचं ना तिथलं. मग घाण कुठल्या घरात होती, मॅडम?

हे मी तेव्हा बोलले नाही. तेव्हा मी माझ्या बुटांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी शनिवार. आई शिफ्ट सोडून आली. पर्यवेक्षिकांच्या केबिनमध्ये तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा कुणी म्हणालं नाही, म्हणून आई उभीच. माफीपत्राचा मजकूर तयार होता. मी तो माझ्या अक्षरात उतरवायचा आणि खाली आईने सही करायची. "मी शाळेच्या कार्यक्रमात अश्लील प्रश्न विचारून शाळेची बदनामी केली. पुन्हा असे करणार नाही."

आई म्हणाली, "काय इचारलं हिनं, त्ये तरी दावा की."

मॅडमनी चिठ्ठी टेबलावरून सरकवली. आई सातवी शिकलेली. बोट ठेवून ठेवून वाचते. वाचता वाचता बोट 'रविवारी'वर थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. हळूच विचारलं, "ताई बोलली व्हय तुला?"

मी मान हलवली.

"लवकर करा हो मावशी," मॅडम म्हणाल्या. "की दाखला काढून देऊ हिचा? दहावी तोंडावर आलीय."

मावशी. आई त्यांच्याच वयाची होती.

आईने सही केली. मी मजकूर उतरवला. चांगल्या, वळणदार अक्षरात. त्यासाठी कागद शाळेने दिला. दोन्ही बाजूंनी कोरा.

रविवारी ताईचा नवरा आणि सासू आली. चहा झाला. ताई मोरीत तोंड धुवायला गेली आणि मला हाताने खुणावलं. पाणी चालू ठेवलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"विचारलंस?"

मी म्हटलं, "डॉक्टर आल्याच नाहीत."

"बरं," ताई म्हणाली. तोंड पुसलं. पिशवी उचलली आणि गेली.

आईला आता माहीत होतं. तरी ती काही बोलली नाही. मी तिला खूप वर्षं यासाठी दोष दिला. आता देत नाही. काल सकाळी जी गोष्ट अश्लील आहे असं स्वतःच्या सहीने लिहून दिलं, ती आज घरात कुठल्या तोंडाने काढणार? माफीपत्राने हेच काम केलं. शाळेची अब्रू राखायला तो कागद लागला, आणि आमच्या घरात तिघींची तोंडं शिवायलाही तोच लागला.

ताई पुढे आठ महिने तिथे राहिली. त्या आठ महिन्यांचं ती आजही सांगत नाही. मीही विचारत नाही. मग एका सकाळी ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघून आली. डाव्या हाताची करंगळी सुजलेली.  आईने भाकरी वाढली. दोन दिवसांनी सासरचे आले तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली.

"तिला इचारा. यिते म्हनली तर घिऊन जावा."

नवरा म्हणाला, "तिला काय विचारायचं? बायको आहे माझी."

आई म्हणाली, "म्हनूनच इचारा."

चाळ बघत होती. शेजारची मावशी आईच्या मागे येऊन उभी राहिली. ताई आतून म्हणाली, "मी येणार नाही." एवढंच. मोठ्याने. त्या दिवशी त्याला ऐकू गेलं.

पोलिसांकडेही गेलो. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "पण नवराच ना?" आणि पेन खाली ठेवलं.

ताईच्या नवऱ्याला मी माफ करत नाही. कधीच करणार नाही. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. हाही कधीतरी नववीत होता. याच्याही शाळेत मुलींना हॉलमध्ये बसवून याला मैदानावर पाठवलं असणार. 'नाही' हे उत्तर असतं, हे याला कुणीच सांगितलं नाही. न त्याच्या बापाने, न मास्तरांनी. त्याला जे काही मिळालं ते मोबाइलमधून आणि मित्रांच्या चावट बोलण्यातून. लोक आम्हाला म्हणतात, असलं शिकवलं की पोरं बिघडतात. ताईच्या नवऱ्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. काय सुधारला?

ताई परत आली त्याच आठवड्यात आमच्या दहावीच्या वर्गात विज्ञानाचा तास होता. शिकवायला त्याच पर्यवेक्षिका मॅडम. प्रजननाचा धडा आला. मॅडमनी पुस्तक उघडलं, चष्मा लावला, म्हणाल्या, "हा धडा घरी वाचा. सोपा आहे. पुढचा काढा." चाळीस पानं एकदम उलटली. सवयीने.

मी उभी राहिले. या वेळी कुणी उभं केलं नव्हतं.

"मॅडम, हा धडा शिकवा."

"घरी वाच म्हटलं ना."

"घरी एकच खोली आहे, मॅडम. तुम्हीच सांगितलं होतंत सगळ्यांना. इथेच शिकवा."

वर्ग हसला नाही. पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. मला 'क्यूसी ओके' म्हणायला तिनेच सुरुवात केली होती. तिने पुस्तकाची पानं परत मागे उलटली. मग तिच्या मागच्या दोघींनी.  पानांचा आवाज झाला.

मॅडमना तो आवाज झोंबला. "बाहेर हो. आणि माफीपत्र आण, आईच्या सहीचं. अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत, विसरू नकोस."

"लिहिणार नाही."

"काय म्हणालीस?"

  आवाज नीट निघाला. "मागच्या वर्षी लिहून दिलं ते खोटं होतं. तो प्रश्न अश्लील नव्हता. माझ्या बहिणीचा होता. तुम्ही उत्तर दिलं नाहीत आणि ती आठ महिने मार खात राहिली. माफी तुम्ही मागायची."

पुढचे दोन आठवडे विज्ञानाच्या प्रत्येक तासाला मी व्हरांड्यात उभी होते. मॅडमनी आईला निरोप पाठवला. आई आली. या वेळी कुणी सांगायची वाट न बघता खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "सही व्हनार न्हाई. गुन कापा." उठली आणि शिफ्टला गेली. गुण कापले. दाखल्याची धमकी हवेतच राहिली. तो धडा शेवटपर्यंत शिकवला नाही. मी जिंकले वगैरे काही नाही. पण मी वाकले नाही, आणि न वाकता माणूस मरत नाही, एवढं कळलं. ते पुरलं.

चिठ्ठीचं उत्तर मला पुढे कॉलेजात सापडलं. लैंगिक शिक्षणाचं काम करणाऱ्या एका गटाची, म्हणजे आजच्या आमच्याच गटाची, पत्रकं वाटायला जायचे. आधी गठ्ठे वाहायचे, मग वाचायला लागले, मग लिहायला. ते उत्तर इथे लिहिते, कारण त्या दिवशी हॉलमध्ये साठ-सत्तर मुली होत्या आणि त्यांतल्या कितींना ते अजून मिळालं नसेल.

हो. ती नाही म्हणू शकते. लग्न म्हणजे जन्मभराचा होकार नव्हे. तिने नाही म्हटल्यावर त्याने जे केलं, त्याला जबरदस्ती म्हणतात. नवऱ्याने केली तरी जबरदस्तीच. सज्ञान बायकोच्या बाबतीत आपला फौजदारी कायदा अजून तिला बलात्कार म्हणत नाही. ही लाज कायद्याची. बाईची नाही. पण घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ येतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. कोर्टात दाद मागता येते.

झालं. दीड मिनिट. डॉक्टर मॅडमनी घड्याळ पाहिलं नसतं तर तेवढ्यात सांगून झालं असतं.

गेल्या वर्षी मी ताईला खरं सांगितलं. ती आता आईच्याच कंपनीत चेकिंगला आहे. शिफ्टचा एप्रन इस्त्री करत होती. मी म्हटलं, "ताई, तेव्हा डॉक्टर आल्या होत्या. मी विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, आमच्या पर्यवेक्षिका मॅडमनी सगळ्यांसमोर माझी लाज काढली, आणि मी तुला खोटं सांगितलं."

ताईने इस्त्रीचं बटण बंद केलं. एप्रनची घडी घातली. बाह्या सरळ केल्या.

"तू चौदाची होतीस," ती म्हणाली. "त्या दोघी चौदाच्या नव्हत्या."

मला रडू आलं. तिला नाही आलं. ती म्हणाली, "रडू नको. माझे आठ महिने गेले ते गेले. तू रडून मला ते मिळणार आहेत का?"

नाहीत मिळणार.

मागच्या महिन्यात करावे गावाजवळच्या एका शाळेत आमच्या गटाच्या कार्यक्रमाची बोलणी करायला गेले. मुख्याध्यापक भला माणूस. खुर्ची दिली, चहा दिला, ताई ताई म्हणाला. त्याच्या अटी दोन. मुलगे मैदानावर जातील. आणि प्रश्न आधी शाळेकडे जमा होतील, शाळा निवडून देईल. "तेवढा नवरा-बायकोचा, होकार-नकाराचा विषय नको हो ताई. पालक भडकतात. बाकी सगळं घ्या. आमचंही काम होईल, तुमचंही."

आमच्या गटातले काहीजण म्हणाले, घे ना मान्य करून. आत शिरायला तर मिळेल. पायरी पायरीने जाऊ. टेन्शन कशाला?

पायरी पायरीने जायला वेळ कुणाकडे आहे? आज ज्या पोरीला विचारायचंय तिच्याकडे नाही. जो मुलगा आज मैदानावर आहे, तो पाच-सात वर्षांनी कुणाच्या तरी ताईच्या घरात असणार आहे. गाळून दिलेलं शिक्षण मी घेतलेलं आहे. त्याची चव मला माहीत आहे. मी दोन्ही अटी नाकारल्या.

सोमवारपासून आम्ही त्या शाळेच्या गेटसमोर फुटपाथवर उभे राहतो. शाळा सुटायच्या वेळी. मुली थांबतात, मुलगेही थांबतात. वॉचमन हटकतो. समोरच्या सोसायटीतले काका गॅलरीतून व्हिडिओ काढतात. काढा. चेहरा नीट येऊ द्या. पोरं जे विचारतील त्याचं पूर्ण उत्तर मी देणार. त्याच दिवशी, त्याच जागी, सगळ्यांदेखत. कुणाच्या परवानगीची वाट बघणार नाही आणि कुणाला काहीही लिहून देणार नाही.

पहिल्याच दिवशी दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली. दप्तर छातीशी धरलेलं. तिने आवाज न चोरता विचारलं, "एकदा हो म्हटल्यावर नंतर नाही म्हणता येतं का?"

मुख्याध्यापक गेटच्या आत उभे होते. मी उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि त्यांनाही ऐकू जावं म्हणून आवाज चढवला.